मुलांसोबत एकाच दिवसात बोटीतून मासेमारी आणि बेटावरची पुळण, दोन्ही नीट जमते का?

दोन लहान मुले बरोबर असताना सकाळी किनाऱ्यालगत गळाने मासे धरायचे आणि नंतर बेटावर काही तास घालवायचे, हे एका दिवसात जमेल का, असे आपण विचारले आहे. जमते. मी असे बरेच दिवस घालवले आहेत. मात्र तारीख सुट्टी पाहून नव्हे, तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवावी.

मासेमारी आधी उरकावी. सकाळी समुद्र बहुधा शांत असतो. ऊन चढले की जमीन तापते, खारा वारा जोर धरतो आणि लहान बोटीत मुलांना मळमळू लागते. पाणी उतरू लागले की खाडीच्या तोंडाशी आणि खडकांच्या कडेला बारीक मासळी प्रवाहाबरोबर वाहत येते आणि मोठे मासे तिथेच टपून असतात. पाणी थबकलेले असताना गळ टाकून ताटकळण्यात अर्थ नाही. दोरी बोटाच्या पेरावर कशी धरायची ते मुलांना शिकवा. आधी दोन-तीन बारीक टोचे जाणवतात, खरी ओढ त्यानंतर येते, आणि तोवर हिसका द्यायचा नसतो.

खरी काळजी बेटाशी घ्यावी लागते. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो आणि त्यातल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी उतरते. एकदा मी भरती ओसरू लागली असताना कमरेइतक्या पाण्यात नांगर टाकला. तासाभराने परतलो तेव्हा दोर ओल्या वाळूवर सैल पडला होता आणि बोट एका कुशीवर कलली होती. पाणी परत येईपर्यंत मुलांना उन्हात थांबावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी ओहोटी संपता संपताच बेटावर उतरतो. त्या वेळी पुळण रुंद मिळते आणि निघताना चढते पाणी बोट उचलून देते. फक्त नांगराचा दोर भरतीच्या खोलीच्या किमान पाचपट सोडावा आणि सामान ओल्या रेषेच्या बरेच वर ठेवावे. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे ती दुपारच्या सुमारास येणारा दिवस शोधणे अवघड नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार दूर जाते. मुलांसह पहिल्यांदा जाताना ते दिवस मी टाळेन.

जीवरक्षक जाकीट मुलांच्या अंगावर बोटीत चढण्यापूर्वीच हवे.

आणखी एक गोष्ट, कारण बेटावरच्या वेळात मासे बोटीतच राहतात. बर्फात थोडे समुद्राचे पाणी घालून मासे त्यात पूर्ण बुडवावेत, म्हणजे ते सगळीकडून लवकर गार होतात. बांगडा किंवा कुपा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून सावलीतली पेटी घट्ट बंद केल्याशिवाय मी बोटीतून उतरत नाही.