कपातीच्या काळातील लॉगबुक

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बेमुदत बिनपगारी रजा घ्या किंवा ठरावीक रक्कम घेऊन राजीनामा द्या, असे तुमच्या विमान कंपनीच्या देखभाल विभागातील निम्म्या लोकांना सांगण्यात आले असून उत्तर द्यायला तुझ्याजवळ थोडेच दिवस उरले आहेत, हे वाचून मन अस्वस्थ झाले. आपण कामात कुठे कमी पडलो, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर आधी देतो, कारण ती शंका मनात ठेवून घेतलेला निर्णय फसण्याचीच शक्यता अधिक. तू कुठेही कमी पडलेली नाहीस. उड्डाणे घटली आहेत, आणि उड्डाणे घटली की या व्यवसायातले काम किती झपाट्याने नाहीसे होते, याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते.

कोविडच्या साथीच्या २०२० चे उदाहरण घे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जगातील हवाई प्रवास आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे ९४ टक्क्यांनी घटला आणि संपूर्ण वर्षाची घट ६६ टक्क्यांच्या घरात गेली. विमानांचे भाडे आणि कर्जाचे हप्ते विमान उडो वा न उडो द्यावेच लागतात, रिकामी गेलेली आसने नंतर विकता येत नाहीत, आणि आधी तिकिटे काढलेले प्रवासी पैसे परत मागू लागतात. मग कंपनीचा हात पहिल्यांदा पगाराच्या खर्चाकडे जातो. उड्डाणाच्या तासांवर ठरणाऱ्या तपासण्या लांबतात, सुट्या भागांची मागणी आटते, आणि ही घट थेट कारखान्यांपर्यंत पोहोचते. रोल्स-रॉइसच्या मोठ्या विमान-इंजिनांच्या व्यवसायाचे उत्पन्न इंजिने किती तास उडाली यावर बरेचसे अवलंबून असते. त्या कंपनीने मे २०२० मध्ये किमान ९,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. विमाने बनवणाऱ्या एअरबसने उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घटवले आणि जूनअखेरीस १५,००० नोकऱ्यांच्या कपातीची योजना मांडली. या हजारो माणसांत उत्तम कारागीर होते. वैमानिकांमध्ये तर अनेक कंपन्यांत ज्येष्ठता यादीत शेवटी असलेल्याला आधी घरी जावे लागते, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो. तेव्हा आलेल्या नोटिशीत आपल्या कामाचे मूल्यमापन शोधत बसू नकोस.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. पद कंपनीचे असते. विमान-देखभालीचा परवाना तुझा असतो. कोणत्या विमानावर आणि कोणत्या कामावर तू सही करू शकतेस, याची अधिकृतता कंपनी देते आणि ती नोकरीबरोबर संपते. तुझ्या नावाचा परवाना मात्र तुझ्याजवळच राहतो. पण तो नुसता कपाटात ठेवून भागत नाही. युरोपीय नियमांनुसार परवान्याचे अधिकार वापरायचे असतील, तर सर्वसाधारणपणे मागील दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा देखभालीचा अनुभव असावा लागतो. मंदी लांबली की हा दोन वर्षांचा काळ कधी सरला हे कळतही नाही, आणि माणसे परत बोलावण्याची वेळ येते तेव्हा ज्याचे कागद तयार असतात त्याचा विचार आधी होतो. म्हणून उद्या कामावर गेलीस की पहिल्यांदा लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची तुझी नोंदवही, उघड. ज्या कामांवर पर्यवेक्षकाची सही राहिली आहे ती सगळी कामे शोध आणि सह्या याच आठवड्यात घे. हे पर्यवेक्षकही कदाचित पुढच्या महिन्यात तिथे नसतील, आणि विखुरलेल्या माणसांच्या मागे सह्यांसाठी फिरणे फार जिकिरीचे असते. विमानाचा प्रकार, केलेले काम, तारीख आणि कामाच्या कागदाचा क्रमांक, हे प्रत्येक नोंदीत स्पष्ट असू दे. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि कंपनीने तुझ्याबद्दल ठेवलेल्या नोंदींची प्रत लेखी अर्ज करून माग. हा संकोच करण्याचा विषय नाही.

रजा की राजीनामा, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. रजेच्या काळात दुसरीकडे काम करण्याची मोकळीक लेखी मिळत असेल, तर रजा घे. अशी मोकळीक नसेल आणि रजेला शेवटची तारीखही नसेल, तर त्या रजेत पगारही नाही आणि अनुभवही नाही. त्यापेक्षा रक्कम घेऊन मोकळे होणे बरे. मात्र तुझ्या प्रशिक्षणासाठी कंपनीने करारपत्र लिहून घेतले होते, ते आधी नीट वाच. राजीनामा ‘स्वेच्छेने’ दिल्याचे नोंदले गेले तर त्या प्रशिक्षणाचा खर्च तुझ्याकडून वसूल होऊ शकतो का, हे लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे. कंपनीला सरकारी मदत मिळत असेल तर ती कोणत्या तारखेपर्यंत आहे, हेही विचार. अमेरिकेत २०२० मध्ये विमान कंपन्यांना पगारासाठी मिळालेल्या मदतीबरोबरची माणसे कमी न करण्याची अट ३० सप्टेंबरला संपली आणि लगेच दोनच मोठ्या कंपन्यांनी मिळून सुमारे ३२,००० लोकांना घरी बसवले. डिसेंबरमध्ये नवी मदत मंजूर झाल्यावर त्यांना परत बोलावणे सुरू झाले. निवेदनातील गोड शब्दांपेक्षा अशा तारखांवरून पुढचे अधिक कळते. घाईत हक्क सोडून देणारी वाक्ये मसुद्यात असतील तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखव. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने २०२० मध्ये विमानतळांवरील सुमारे १,७०० कर्मचाऱ्यांची कामे कंत्राटदारांकडे देण्याचे ठरवले. तो निर्णय बेकायदा असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने २०२३ मध्ये कायम केले. कपात अटळ दिसते म्हणून ती प्रत्येक वेळी नियमाला धरून असतेच असे नाही.

काम कुठे शोधावे? उभ्या विमानांजवळ. विमान उडत नाही म्हणजे त्याला माणूस लागत नाही, हा गैरसमज आहे. लांबच्या मुक्कामासाठी उभ्या केलेल्या विमानाच्या इंजिनांची तोंडे झाकावी लागतात, एकाच जागी भार पडून टायर बिघडू नयेत म्हणून चाके ठरावीक काळाने फिरवावी लागतात, टाक्यांतील इंधनात बुरशी वाढत नाही ना हे पाहावे लागते. हवेचा वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीचे तोंड बोटाएवढेही नसते. त्यात एखाद्या कीटकाने घर केले तर उड्डाण घेतानाच वैमानिकाला चुकीचा वेग दिसू शकतो. २०२० मध्ये विमाने पुन्हा सेवेत येऊ लागली तेव्हा युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने नेमका याच धोक्याबद्दल इशारा दिला होता. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण लॉगबुकात ते रीतसर नोंदता येते. मालवाहू विमानांकडेही पाहा: जगातील हवाई मालाचा मोठा वाटा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, त्यामुळे प्रवासी उड्डाणे थांबली की मालवाहू कंपन्यांकडचे काम वाढते. भाड्याची विमाने मालकाला परत करतानाही त्यांची तपासणी आणि कागदपत्रांची जुळणी करणारे लोक लागतात.

यांपैकी काहीच मिळाले नाही तर काही काळ या क्षेत्राबाहेर जायला मुळीच कचरू नकोस. कामावरून दूर झालेल्या एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीच्या केबिन कर्मचाऱ्यांना २०२० मध्ये स्टॉकहोममध्ये अवघ्या तीन दिवसांचे प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेत मदतीसाठी तयार करण्यात आले, आणि प्रवाशांना धीर देण्याचा त्यांचा सराव तिथेही उपयोगी पडण्यासारखाच होता. तुझ्याकडे यंत्राची जाण आणि नोंदींची शिस्त आहे. वीजनिर्मिती आणि रेल्वे या दोन्ही क्षेत्रांत त्यांची गरज असते. फक्त परवान्याच्या मुदतीचे आणि त्या दोन वर्षांचे भान राहू दे, आणि अधूनमधून काही आठवड्यांचे कंत्राटी काम मिळाले तर ते सोडू नकोस.

मागणी परत येते तेव्हा ती उद्योगाला सवड देत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात प्रवासी आले, पण सामान चढवणारी, तपासणी करणारी माणसे पुरेशी नव्हती. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला रोज निघणाऱ्या प्रवाशांवर एक लाखाची मर्यादा घालावी लागली. तुझी पाळी कधी येईल, हे मी सांगू शकत नाही, आणि खोटी तारीख सांगून तुला आशेवर ठेवणार नाही.

कंपनीचा मसुदा आणि प्रशिक्षणाचे करारपत्र, दोन्हींच्या प्रती मला आजच पाठव. मी वाचून उत्तर देईपर्यंत कशावरही सही करू नकोस.

तुझा शुभचिंतक