थार डिझेलला ४५ लिटरची जादा टाकी बसवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी थार डिझेल, नागपूर पासिंग. सप्टेंबरात मनालीहून लेह, पुढे पँगाँग आणि हानले करायचं आहे. एरवी कामासाठी भामरागडकडे फेऱ्या असतात. वाडीतला एक फॅब्रिकेटर मागच्या अंगाला चॅसिसखाली ४५ लिटरची टाकी बनवून देतो म्हणतो. बसवू का?

माझं नागपुरात फोर बाय फोर गाड्यांचं गॅरेज आहे. अशा टाक्या मी बसवल्या आहेत आणि दुसऱ्यांनी बसवलेल्या काढल्याही आहेत. तुमचा प्रवास वाचून माझं मत असं की टाकी नको, वीस लिटरचे दोन चांगले लोखंडी कॅन घ्या. तरीही टाकी बसवायचीच ठरली, तर इंजिनाला जाणाऱ्या डिझेलच्या लाइनला कुणालाही हात लावू देऊ नका. आता का ते सांगतो.

आधी हिशेब करू. तुमच्या थारची टाकी ५७ लिटरची आहे. तळाचे सात लिटर धरायचेच नाहीत, राहिले पन्नास. हायवेला गाडी किती देते हे विसरा. घाटात, वाळूत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सामानासकट लिटरला नऊ किलोमीटर धरा, म्हणजे ४५० किलोमीटर झाले. नागपूर ते मनाली पंपांची चिंताच नाही. मनालीहून पुढे केलाँगच्या अलीकडे टांडीचा पंप लागतो, तिथली 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. तेवढं अंतर तुमच्या कंपनीच्या टाकीतच बसतं. खरी ओढाताण लेहच्या पुढे होते. लेह, पँगाँग, चुशूल, हानले आणि परत लेह हा फेरा पाच-सहाशे किलोमीटरचा आहे, शिवाय रस्ता चुकणं, वाट बंद असणं आणि रात्री हीटरसाठी इंजिन चालू ठेवणं आलंच. मधल्या एकाही पंपावर भरवसा ठेवायचा नाही म्हटलं तर दीड-दोनशे किलोमीटरचं डिझेल कमी पडतं, म्हणजे साधारण वीस लिटर. दुसरा कॅन मनाच्या शांतीसाठी.

भामरागडचं गणित वेगळं आहे. गडचिरोलीहून जाऊन-येऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर होतात आणि वाटेत आलापल्लीला पंप आहे. तिकडे अंतराचा त्रास नाही, पावसाचा आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि माणूस अलीकडे किंवा पलीकडे अडकून पडतो. अशा वेळी कामी येते ती निघताना काठोकाठ भरलेली मूळ टाकी. पावसाळ्यात आलापल्लीला अर्धी टाकी असली तरी भरूनच पुढे जा. ही सवय लावून घेतली तर त्या रस्त्याला कॅनही लागत नाही.

मग जादा टाकी कुणाला लागते? ज्याला दर महिन्याला हजार-हजार किलोमीटर पंपाशिवाय जायचं आहे त्याला. ऑस्ट्रेलियात हे रोजचं आहे, म्हणून टोयोटानेच तिकडच्या लँड क्रूझर २०० ला ९३ लिटरची मुख्य आणि ४५ लिटरची उपटाकी दिली होती. पण ती गाडीच्या आराखड्यातच होती. धक्का कुठून बसेल, नळी कुठून जाईल, सायलेन्सर किती लांब राहील हे सगळं आधी ठरवून केलेलं. आपण नंतर लटकवतो ती गोष्ट निराळी.

वजनाचा विचार करा. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं. ४५ लिटरचे ३७ किलो आणि २ मिलिमीटर पत्र्याची टाकी पट्ट्यांसह वीसेक किलो. म्हणजे एक माणूस मागच्या चाकांच्याही मागे कायमचा लटकला, टाकी रिकामी असली तरी वीस किलो आहेच. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, २२६ मिलिमीटर आहे आणि तोच तर तुम्ही पैसे मोजून घेतलाय. नाल्यातून वर चढताना सगळ्यात आधी दगडाला टेकणार ती ही टाकी. त्यात बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करतो तेव्हा त्याच्या आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. त्या पाइपाला खेटून टाकी बसवणाऱ्याला मी गाडीला हात लावू देणार नाही.

आता पत्र्याबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात. एक पिकअप आमच्याकडे आली होती. चढावर दम तोडायची, सपाटीला ठीक. डिझेल फिल्टर उघडला तर आत करड्या रंगाचा चिकट लगदा, बोटाला साबणासारखा लागणारा. जादा टाकी उतरवून कापली. आतून जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, सांध्यांजवळचा जस्ताचा थर पापुद्र्यांनी सुटलेला, आणि डिझेल हिंदकळू नये म्हणून लागणारं आतलं आडवं पार्टिशन एकही नाही. डिझेलमध्ये थोडं पाणी आणि आम्ल असतंच, ते जस्ताला खातं आणि त्याचा खरंच साबण तयार होतो. तो फिल्टरमध्ये अडकतो आणि विरघळलेला भाग पुढे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकावर जाऊन बसतो. तांब्याचं तेच, तांब्याची नळी डिझेल लवकर खराब करते. जुन्या ट्रकचा साधा पंप हे पचवायचा. तुमच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, दाब दीड हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टरची भोकं केसाएवढी असतात. चारही इंजेक्टर बदलायची वेळ आली तर त्या पैशात लडाखची आणखी एक वारी होते.

म्हणून पत्रा एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, टिग वेल्डिंग, आत किमान दोन पार्टिशन. पार्टिशन नसलं तर अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला ढकलते आणि सांधे हळूहळू उकलतात. जुनी, एकदा डिझेल भरलेली टाकी वेल्डिंगला कधीच देऊ नका, ती कितीही धुतलेली असली तरी. आतली वाफ स्फोट करते आणि त्यात माणसं मेलेली आहेत.

दुसरी जागा ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीची. टाकीतून डिझेल निघतं तेवढी हवा आत यायला हवी. ब्रीदर चिखलाने बुजला तर पंप ओढतच राहतो आणि टाकीचे गाल आत जातात. मी पाहिलेल्या एका टाकीचा वरचा पत्रा चार बोटं खाली दबला होता आणि मालकाला वाटत होतं की खालून दगड लागला. ब्रीदरची नळी मागच्या दिव्याच्या उंचीपर्यंत वर न्या, तोंड खाली वळवा, आणि गाडी उलटली की बंद होईल असा व्हॉल्व्ह तिला हवाच.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. एकात दोन्ही टाक्या एका बदलत्या व्हॉल्व्हने इंजिनाला जोडतात, बटण दाबलं की इंजिन दुसऱ्या टाकीतून पितं. ऐकायला सोपं वाटतं आणि फॅब्रिकेटर हेच सुचवतात. पण कॉमन रेलमधून बरंचसं डिझेल गरम होऊन परत टाकीत येतं. येणारी लाइन बदलली आणि परतीची लाइन अडकली, तर इंजिन एका टाकीतून पितं आणि दुसरीत ओततं. ती भरून वाहू लागते, तेही चालत्या गाडीत. शिवाय मूळ लाइन कापली की एक हवेचा बुडबुडा पुरतो आणि बारालाचा खिंडीत गाडी बंद पडते.

दुसरा मार्ग मी धरतो. जादा टाकी इंजिनाला जोडायचीच नाही. बारा व्होल्टचा छोटा ट्रान्सफर पंप लावायचा, त्याच्या आधी जाळीचा फिल्टर, पुढे डिझेल मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, आणि डिझेल मुख्य टाकीच्या भरायच्या नळीत वरच्या बाजूने सोडायचं. मुख्य टाकीचा काटा पाव भागावर आला की डॅशबोर्डचं बटण दाबा. असे पंप मिनिटाला लिटर-दीड लिटर देतात, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात टाकी रिकामी. पंप बिघडला तर फक्त जादा डिझेल अडकतं, गाडी चालतच राहते. इंजिनाला काहीच कळत नाही, म्हणून सेन्सरही बोंब मारत नाही. वायरला बॅटरीजवळच फ्यूज द्या आणि बटणाला टायमर लावा, नाहीतर बोलण्याच्या नादात पंप कोरडा फिरत राहतो. मुख्य टाकी अर्ध्याच्या वर असताना पंप कधीच लावू नका.

हे सगळं डिझेलचं. कुणी पेट्रोल थार, जिम्नी किंवा जिप्सीसाठी वाचत असेल तर त्याला माझं सरळ नाही आहे. बीएस-६ पेट्रोल गाडीत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात साठवून इंजिनात जाळतात. बाहेरची टाकी त्या साखळीत बसत नाही, तिची वाफ गाडीखाली मोकळी सुटते. नागपूरच्या मे महिन्यात हा खेळ करू नये.

आपल्या उन्हाचा विचार तर डिझेललाही करावाच लागतो. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, गाडीखालचा डांबरी रस्ता तर त्याहून तापतो. पहाटे गार डिझेलने गळ्यापर्यंत भरलेली ४५ लिटरची टाकी दुपारी चाळीस अंशांनी तापली तर आतलं डिझेल जवळपास दीड लिटरने फुगतं. म्हणून टाकी असो की कॅन, दहावा नाही तरी विसावा हिस्सा रिकामा ठेवा. वर डोंगरात उलट गंमत होते. नागपूर ३१० मीटरवर आहे, मनाली-लेह वाटेवरची 'तांगलांग ला' खिंड ५,३०० च्या आसपास. तिथे हवेचा दाब इथल्या निम्म्यावर येतो आणि कॅन फुगलेला असतो. झाकण एकदम उघडू नका, आधी थोडं सैल करून फुस्स होऊ द्या.

सप्टेंबरऐवजी जानेवारीचा बेत कधी झाला तर इथून भरलेलं डिझेल तिकडे मेणासारखं गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं, थंडीत तेच भरायचं. साठवलेलं नागपुरी डिझेल त्या वेळी ओझं होतं.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाही, पण ते सोडून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि आरसीवर गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली एकेका बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमचं पासिंग एमएच ३१, ४९ किंवा ४० पैकी ज्या आरटीओचं असेल तिथे आधी लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही लेखीच कळवा. फॅब्रिकेटरच्या 'काही होत नाही भाऊ' वर जाऊ नका. आग लागली तर दाव्याच्या कागदावर त्याची सही नसते.

कॅनला ही कटकट नाही. पेट्रोलियम कायद्याने डिझेल 'ब' वर्गात येतं, चाळीस लिटरला परवाना लागत नाही. पेट्रोलला मात्र विक्रीसाठी नसलं तरी ३० लिटरची मर्यादा आहे आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. हे नियम सांभाळणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचं देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे.

कॅन घ्याल तो लोखंडी, आतून लेप दिलेला, खटक्याच्या झाकणाचा. निळे प्लास्टिकचे ड्रम नकोत. टपावर बांधू नका, गाडी वरून जड होते. मागच्या दारावर स्टेपनीशेजारी लटकवू नका, मागून धडक बसली तर पहिला कॅनच चेपतो. मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, खालून रबर आणि वरून रॅचेटचा पट्टा, असे आत उभे ठेवा. घट्ट झाकण असेल तर डिझेलचा वास येत नाही, येत असेल तर झाकणाचं रबर बदला. नागपूरहून भरून नेऊ नका, मनालीपर्यंत रिकामे न्या आणि टांडीला भरा. लेहला पोचल्यावर ते मुख्य टाकीत ओता, पुन्हा भरा आणि मग पँगाँगला निघा. ओतताना जाळीचं नरसाळं वापरा.

एवढं वाचूनही टाकीच बसवणार असाल तर काम जुलैतच संपवा. पहिल्यांदा दहाच लिटर भरा, रामटेकपर्यंत जाऊन या, मनसरच्या पुढे एखादा कच्चा रस्ता मुद्दाम घ्या. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाका आणि सकाळी प्रत्येक सांध्याखाली बॅटरी मारून बघा. मग पूर्ण भरून तेच पुन्हा करा. पाचशे किलोमीटर झाल्यावर डिझेल फिल्टर उघडा. नवीन टाकीत वेल्डिंगचा कचरा असतोच, तो या फिल्टरमध्ये सापडतो. फिल्टर बदला, नट पुन्हा आवळा, आणि एक नवा फिल्टर लडाखला सोबत न्या. गाडी खालून कशी दिसते याचे फोटो टाकलेत तर टाकीला जागा आहे की नाही ते बघून सांगतो. भोकं पाडण्याआधी टाका.