साखरेच्या रेणूंवर संशोधन : बायोटेक घ्यावं, केमिस्ट्री की शुगर टेक्नॉलॉजी?

प्रश्न : मी शहादा तालुक्यातला शेतकरी, ऊस आणि केळी लावतो. मुलगी टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. पेशीच्या पडद्यातून क्षार आत-बाहेर नेणारे साखरेचे कृत्रिम रेणू बनवतात, त्यावर संशोधन करायचं म्हणते. मला वाटतं, साखरेचंच शिकायचं तर शुगर टेक्नॉलॉजी करावं, कारखाना जवळच आहे. पुढे बायोटेक घ्यावं की केमिस्ट्री, हे तिलाही कळत नाही. यात नोकरी आहे का? – एक वडील

उत्तर : भाऊ, नमस्कार.

शुगर टेक्नॉलॉजी वाईट नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून कारखान्यात लागता येतं. पण तिथे रस, पाक, ब्रिक्स आणि उतारा यांचं काम. मुलीला जे करायचंय त्याचा उसाशी काही संबंध नाही. तिला आवड नसेल तर केवळ कारखाना जवळ आहे म्हणून तिकडे ढकलू नका.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. ‘आयन (म्हणजे क्षाराचे विद्युतभारित कण) वाहून नेणारे रेणू बनवणारा पाहिजे’ अशी जाहिरात कुठे येत नाही. हा अजून प्रयोगशाळेतला विषय आहे. मात्र हे रेणू बनवताना जे हात तयार होतात, म्हणजे पाच-सात पायऱ्यांचं संश्लेषण (रेणू घडवणं), कॉलमने शुद्धीकरण, रेणूची रचना दाखवणारा एनएमआर आलेख वाचणं, त्यांना पुणे, हैदराबाद, बेंगळुरूच्या औषध-संशोधन कंपन्यांत मागणी असते. म्हणून एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच करू द्या. पडद्यावरच्या चाचण्या ऑरगॅनिकवाल्याला सहा महिन्यांत शिकता येतात. बायोटेक करून नंतर संश्लेषण शिकणं फार जड जातं.

यापुढचं मुलीला वाचायला द्या.

ताई, पेशीच्या पडद्याचा आतला तेलकट थर जेमतेम 3 नॅनोमीटरचा. पण पोटॅशियम किंवा क्लोराइड आयनाला भोवतीचं पाणी सोडून त्यात शिरणं परवडत नाही. शरीरात हे काम प्रथिनं करतात. सीएफटीआर हे क्लोराइडचं प्रथिन बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस होतो. निसर्गात छोटे वाहकही आहेत : व्हॅलिनोमायसिन पोटॅशियमला कवेत घेऊन पलीकडे नेतं आणि सोडियमला जवळजवळ विचारतही नाही. माणसाने असे रेणू बनवायचे तर साखर सोयीची. स्वस्त आहे, आकार ठरलेला आहे. तिचे ऑक्सिजन धन आयनाला धरतात, ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) मधले हायड्रोजन क्लोराइडला. जपानमध्ये ताबुशी आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये सात ग्लुकोजांच्या कड्याला, म्हणजे बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनला, शेपट्या जोडून पडद्यातून आयन जाण्याची कृत्रिम वाहिनी बनवली होती.

अडचण अशी की साखर पाण्यात रमते, तेलात जात नाही, म्हणून तिला तेलकट शेपटी लावावी लागते. शेपटी फार लांब झाली तर रेणू पाण्यातच गोळा होऊन खाली बसतो. पडद्यात शिरला तरी धोका आहेच. ऑक्टिल ग्लुकोसाइड, म्हणजे ग्लुकोजला आठ कार्बनची शेपटी, हा डिटर्जंट आहे. पडदे विरघळवायलाच तो वापरतात. तेव्हा तुझा रेणू आयन नेतोय की पडदा फाडतोय, हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मुलाखतीत हा प्रश्न तूच काढलास तर समोरच्याला कळेल की तू नुसतं नाव ऐकून आलेली नाहीस.

रेणू आयन नेतो का, याची चाचणी साधारण अशी होते. लिपिड, म्हणजे पडद्याचे तेलकट रेणू, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून नायट्रोजनखाली पातळ थर सुकवतात, तो व्हॅक्यूमवर ठेवतात. मग एचपीटीएस हा पीएचनुसार चमक बदलणारा रंग असलेलं बफर घालून 100 किंवा 200 नॅनोमीटरच्या जाळीतून ते दोन सिरिंजांमध्ये वीसेक वेळा इकडून तिकडे दाबून काढतात. त्यातून आत रंग भरलेले, पडद्याचे बारीक बुडबुडे तयार होतात. जाळीतून काढण्याची संख्या विषम ठेवतात, म्हणजे न गाळलेला माल शेवटच्या सिरिंजमध्ये येत नाही. बाहेर राहिलेला रंग सेफाडेक्सच्या, म्हणजे आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या दाण्यांच्या, कॉलमने काढतात. आता बाहेर थोडं अल्कली घालायचं आणि रेणूचं द्रावण टाकायचं. रेणू आयन नेत असेल तर आतला पीएच चढतो. तो किती वेगाने, ते 450 आणि 405 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजन देऊन 510 ला रंगाची चमक मोजून पाहायचं. शेवटी ट्रायटन एक्स-100 हा डिटर्जंट घालून सगळे बुडबुडे फोडले की 100 टक्क्यांची रेघ मिळते.

बिघडतं कुठे? रेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला असतो. 2 मिलिलिटरला 20 मायक्रोलिटर चालतं, त्याहून फार जास्त गेलं तर डीएमएसओचाच परिणाम दिसू लागतो. म्हणून नुसत्या डीएमएसओचा कोरा प्रयोग रोज लावायचा. सेफाडेक्सवर घाई केली तर बाहेर उरलेला रंग अल्कली पडताक्षणी उडी मारतो आणि वेग खोटा दिसतो. पडदा फाटतोय का हे पाहायला आयनापेक्षा कितीतरी मोठा रंग, कार्बॉक्सिफ्लुरोसिन, आत भरून वेगळी चाचणी घेतात. तो बाहेर गळला तर वाहतुकीचा दावा सोडून द्यायचा.

हे सगळं एम.एस्सी.नंतरचं. आत्ता तुझ्या कॉलेजात होईल असं एक काम : ग्लुकोज पेंटाॲसिटेट, म्हणजे पाचही ओएच ॲसिटेटने झाकलेलं ग्लुकोज. साखरेच्या संश्लेषणाची सुरुवात बहुधा इथूनच होते. ग्लुकोज 5 ग्रॅम, निर्जल सोडियम ॲसिटेट 4 ग्रॅम, ॲसिटिक ॲनहायड्राइड 25 मिलिलिटर. पाच ओएचना हवं त्याच्या जवळपास दुप्पट ॲनहायड्राइड झालं. वॉटर बाथवर दोन-अडीच तास, अधूनमधून हलवत. मग 250 मिलिलिटर बर्फाच्या पाण्यात ओतायचं. सोडियम ॲसिटेट ओलसर असेल तर ॲनहायड्राइड त्या पाण्यातच संपतं, म्हणून ते आधी वितळवून कोरडं करून घे. पाण्यात चिकट गोळा झाला तर फेकू नकोस, काचेच्या दांडीने घोटत राहा, घट्ट होतो. अल्कोहोलमधून स्फटिक काढले की वितळणबिंदू 131–132 अंश यायला हवा. 110 च्या आसपास आला तर तो अल्फा प्रकार. मधेच कुठेतरी, पसरट आला तर मिश्रण. जास्तीत जास्त 10.8 ग्रॅम मिळू शकतं, त्यावरून तुझा उतारा काढ.

टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पातळ थराच्या प्लेटवर, साखर यूव्हीखाली दिसत नाही. प्लेट 10 टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवून तापवली की काळे ठिपके उमटतात. ॲनहायड्राइडची खरेदी सरकारी नियंत्रणाखाली आहे, ते विभागामार्फतच मागव. काम फ्यूम हूडमध्ये, गॉगल लावून. घरी अजिबात नाही.

आता मार्ग. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी. ऑरगॅनिक होते. घराजवळचा हा पर्याय कमी समजू नका. पण सोबत जॅमची, म्हणजे आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशाची, परीक्षा द्यायचीच : अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पेपर फेब्रुवारीत, 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण. त्यावर आयआयटीत एम.एस्सी. आणि आयसरसारख्या केंद्राच्या विज्ञान संस्थांत एकात्मिक (एम.एस्सी.सकट) पीएच.डी. मिळते. पुण्याच्या आयसरमध्ये कृत्रिम आयन वाहिन्यांवरही काम झालंय आणि शर्करा रसायनावरही, त्यामुळे तुझ्या यादीत ती वर असावी. एम.एस्सी.ला गेल्यावर विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कर.

भाऊ, खर्चाचं. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, पुढे 42,000. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरून चाला. त्या काळात घरून पैसे पाठवावे लागत नाहीत, पण तिच्याकडून घरी येतील अशी अपेक्षाही ठेवू नका. एम.एस्सी.वर थांबायचं ठरलं तरी कंपनीचं दार उघडं असतं, सुरुवातीचा पगार मात्र बेताचा.

आणखी एक. तुम्ही ओबीसीत असाल तर जॅमला राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. जुलैतच तहसीलला अर्ज टाका, ऑक्टोबरात धावपळ होते.