प्रेस शॉपचा आवाज आणि कमी ऐकू येणारा फिटर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या युनिटमध्ये तुम्ही एचआरला आहात, प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात त्या विभागातल्या, जुन्या टूल फिटरला मागून हाक मारली तर कळत नाही, मॅनेजर म्हणतात त्यांना स्टोअरमध्ये टाका, आणि बाकीच्या पोरांसाठी चांगले इअर प्लग कुठले घ्यावेत ते तुम्ही विचारलंय. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सेफ्टीमध्येच नोकरी काढली, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चालवून घ्या. प्लगचं शेवटी बघू, कारण प्लग ही शेवटचीच गोष्ट आहे. आणि त्या फिटरना स्टोअरमध्ये टाकायची ऑर्डर अजून निघाली नसेल तर प्लीज थांबवा, का ते खाली सांगतो.

आधी आवाज मोजा. मीटर नसेल तर सोपी खूण अशी की हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथे ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजायचं. फोनवरची ॲप अंदाजापुरती ठीक, आयफोन असेल तर निऑश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं फुकट ॲप बऱ्यापैकी भरवशाचं आहे, पण रेकॉर्डला लावायचं मोजमाप कॅलिब्रेट केलेल्या मीटरनेच करायचं. तुमच्या मॅनेजरनी ७५ डेसिबलचा जो आकडा सांगितला ना, तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमातला आहे, औद्योगिक भागातल्या बाहेरच्या हवेतला, दिवसाचा. शॉपच्या आत कामगाराच्या कानाशी त्याचा संबंध नाही. आतला हिशोब कारखान्याच्या नियमांतला, आठ तासाला ९० डेसिबल, ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोनच तास, आणि ११५ च्या वर सततच्या आवाजात उघड्या कानाने कोणीच नाही. माझं मत विचाराल तर ९० हा आकडाच सैल आहे, कानाच्या दृष्टीने ८५ पासूनच काळजी घ्यायला पाहिजे, आणि डेसिबल दर ३ ने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते हे सगळ्यांना समजावून सांगा. ९० ची एक प्रेस चालू आहे, शेजारी तशीच दुसरी लावली तर १८० होत नाही, ९३ होतो, पण कानाला तो दुप्पट मार आहे. लोक म्हणतात तीनच तर वाढलाय, तिथेच फसतात.

आता आवाज येतो कुठून ते बघा. प्रेस शॉप म्हटलं की सगळे प्रेसच्या ठोक्याकडे बोट दाखवतात, पण शॉपमध्ये उभं राहून डोळे मिटून ऐकलं की बऱ्याचदा ठोक्यापेक्षा हवेचाच त्रास जास्त असतो. डायमधून, म्हणजे साच्यातून, पार्ट बाहेर उडवायला तांब्याची नळी चेपून लावलेली असते आणि त्यातून सहा-सात बारची हवा अखंड सुटत असते, पार्ट असो नसो. ती एक नळी एकटी शंभरच्या वर जाऊ शकते. तिच्या जागी एअर सेव्हर नोझल लावा, ज्यात बारीक भोकांतून हवा जाते, आणि हवा फक्त पार्ट सुटायच्या क्षणीच यावी असा व्हॉल्व्ह क्रँकच्या कॅमशी जोडून घ्या. खर्च फार नाही, आणि कॉम्प्रेसरचं लाइट बिल कमी होतं, हा मुद्दा शेठना लवकर पटतो म्हणून तोच आधी मांडा. प्रेसच्या न्यूमॅटिक, म्हणजे हवेवर चालणाऱ्या, क्लचच्या एक्झॉस्टला सायलेन्सर आहे का बघा, पुष्कळदा तो तेलाने चोंदतो म्हणून कोणीतरी काढून फेकलेला असतो. स्क्रॅपची पत्र्याची घसरगुंडी असेल तर तिला आतून जुना कन्व्हेअर बेल्ट चिकटवा. गार्डचे सैल पत्रे, घासलेलं बेअरिंग, हवेची गळती, हे सगळं मेंटेनन्सचं काम आहे, आणि गंमत नाही सांगत, यातलं निम्मं तुमच्या त्या फिटरनाच माहीत असेल. त्यांना शॉपमध्ये घेऊन फिरा, कागद पेन हातात द्या, कुठली प्रेस कशामुळे ओरडते ते लिहून घ्या. कॉम्प्रेसर शेडमध्येच ठेवला असेल तर बाहेर भिंतीपलीकडे काढा.

हे सगळं करूनही जे उरेल त्यासाठी प्लग. पाकिटावर ३० लिहिलेलं असतं, म्हणजे ३० डेसिबल कापतो, पण ते लॅबमधलं. फोमच्या प्लगला प्रत्यक्षात निम्मंच धरतात, कारण लोक नीट घालत नाहीत. पद्धत अशी की स्वच्छ हाताने प्लग बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, फुगेपर्यंत. बाहेरून समोरच्याला प्लग जेमतेम दिसला पाहिजे. कानातून अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो शोभेला आहे. आणि स्वच्छ हात म्हणजे खरंच स्वच्छ, कटिंग ऑइलच्या बोटांनी वळलेला प्लग कानात गेला की खाज, मग पू, मग तो माणूस परत प्लग घालणार नाही. शॉपच्या दाराशी बेसिन आणि साबण ठेवा, प्लगच्या डब्याच्या आधी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा प्लग अगदी नीट घातलाय आणि पूर्ण ३० डेसिबल कापतोय. आठ तासांत मिळून एक तास तो काढून ठेवला, थोडा गप्पांना, थोडा फोनला, थोडा घाम पुसायला, तर ऊर्जेच्या हिशोबाने दिवसभराचं संरक्षण ३० चं ९ वर येतं. अर्धी शिफ्ट काढून ठेवला तर फक्त ३. म्हणून ज्या प्लगमध्ये पोरांना सुपरवायझरचं बोलणं ऐकू येत नाही तो महागडा प्लग घेऊ नका, ते काढणारच. ९५ च्या शॉपमध्ये कानाशी ८० च्या आसपास आवाज राहील इतकाच प्लग पुरे, त्याहून जास्त कापला तर माणूस एकटा पडतो, फोर्कलिफ्टचा हॉर्नही चुकतो. तीन-चार प्रकार आणून ठेवा, ज्याच्या कानाला जो बसेल तो, सगळ्यांचे कान सारखे नसतात. आणि मफच्या, म्हणजे कानावर बसणाऱ्या कपांच्या, आत मोबाइलचे इअरफोन घालून गाणी ऐकणारे सापडतील, त्यांना ओरडू नका, समजावून सांगा की बाहेरचा आवाज अडवून आत तेवढाच भरतोय.

आता ऑडिओमेट्रीबद्दल, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीबद्दल. तुम्ही लिहिलंय की दरवर्षी सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात. व्हॅन येते, कँटीनच्या बाजूला उभी राहते, शिफ्टच्या मधेच पोरं रांगेत जातात, असं असेल तर त्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. पहिली, म्हणजे बेसलाइनची चाचणी, मोठ्या आवाजापासून निदान चौदा तास लांब राहून, शांत बूथमध्ये व्हायला पाहिजे, म्हणजे सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी. आणि आपल्या बडोद्यात एक जास्तीची काळजी, नवरात्रीत आणि उत्तरायणाच्या दिवसांत चाचणी ठेवू नका. नऊ रात्री गरब्याच्या मैदानात स्पीकरच्या भिंतीसमोर नाचून सकाळी आलेला कान तात्पुरता बधिर असतो, आकडे चुकतात. खरं तर त्या नऊ दिवसांत पोरांच्या खिशात फोमच्या प्लगची एक जोडी गरब्यासाठीसुद्धा द्या, दिवसा प्रेस आणि रात्री स्पीकर म्हटल्यावर कानाला विश्रांतीच नाही.

रिपोर्टमध्ये ४००० हर्ट्झचा आकडा बघा. आवाजाने झालेलं नुकसान बहुतेक वेळा तिथेच, ३००० ते ६००० च्या दरम्यान, खड्डा पडून सुरू होतं, दोन्ही कानांत. नुसतं ‘नॉर्मल’ असा शिक्का मारलेला कागद घेऊ नका, ग्राफ मागा, आणि गेल्या वर्षीच्या ग्राफशेजारी ठेवून बघा. अमेरिकेच्या नियमांत २०००, ३००० आणि ४००० ला मिळून सरासरी १० डेसिबल घसरण झाली की कंपनीने हालचाल करायची असते, तो मापदंड आपणही वापरायला हरकत नाही. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी मेल्या त्या माणसात परत उगवत नाहीत, औषध नाही, ऑपरेशन नाही. रंगकाम किंवा डिग्रीझिंग (पार्टवरचं तेल काढणं) करणारे असतील तर त्यांची चाचणी जास्त वेळा करा, टोल्युइन, झायलीन, स्टायरीनसारखी सॉल्व्हेंट कानालाही मारतात, आणि आवाजाबरोबर आली की आणखी.

आता तुमचे फिटर. त्यांचं म्हणणं काय असतं, ‘ऐकू येतं, पण कळत नाही’, बरोबर? हेच सगळे म्हणतात आणि हेच लोकांना खोटं वाटतं. जाड आवाज, स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ, ख अशी बारीक अक्षरं वरच्या पट्टीत असतात आणि ती गळतात, मग ‘सात’ आणि ‘हात’ सारखंच. म्हणून मॅनेजर ओरडले तरी उपयोग नाही, ओरडल्याने स्वरच वाढतात, अक्षरं नाहीत. समोर जाऊन, तोंडावर उजेड पडेल असं उभं राहून, जरा सावकाश बोलायचं. तोंडात मावा ठेवून बोलणारा सुपरवायझर असेल तर फिटर त्याचे ओठ वाचणार कसे? आणि आपल्याकडे भाषेचाही भाग आहे. घरी मराठी, शॉपमध्ये गुजराती, युपी-बिहारच्या पोरांशी हिंदी. कमी ऐकू येणारा माणूस गाळलेली अक्षरं अंदाजाने भरतो, आणि अंदाज आपल्या भाषेत सगळ्यात चांगला बांधता येतो. तुम्ही त्यांच्याशी मराठीत बोलून बघा, फरक पडेल.

स्टोअर का नको ते बघा. स्टोअर म्हणजे खिडकी, मागून हाका, फोन, आणि पार्ट नंबर. सगळं ऐकण्याचं काम! टूल रूममध्ये मात्र ड्रॉइंग आहे, व्हर्निअर आहे, हाताची नजर आहे, तिथे त्यांचा अनुभव कामाला येतो. त्यांना प्रेसच्या आवाजातून बाहेर काढायचं असेल, आणि काढलंच पाहिजे कारण उरलेला कान वाचवायचाय, तर बंद टूल रूममध्ये डायच्या कामावर घ्या, पगार आणि ग्रेड तोच ठेवून. पण हे ठरवायच्या आधी त्यांना समोर बसवून विचारा, तुमच्या अख्ख्या प्रश्नात त्यांना काय हवंय हे कुठेच नाही. बहुतेक जण बोलत नाहीत कारण नोकरी जाईल ही भीती असते, तेव्हा पहिलं वाक्य नोकरी राहणार आहे हेच असू द्या.

सोयी फार मोठ्या नाहीत. फायर अलार्मला फिरता दिवा, टॉयलेटमध्येसुद्धा. फोर्कलिफ्टला पुढे जमिनीवर पडणारा निळा लाइट. शिफ्टच्या सूचना व्हॉट्सॲपवर किंवा बोर्डवर लिहून. मीटिंगमध्ये एका वेळी एकच जण बोलेल. अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं गुगलचं ॲप मराठी, गुजराती बोलणं लिहून दाखवतं, ऑफिसमध्ये चांगलं चालतं, शॉपच्या आवाजात नाही. इव्हॅक्युएशनच्या वेळी त्यांच्या शेजारच्या एकाची जबाबदारी की खांद्याला हात लावून बाहेर न्यायचं, मॉक ड्रिलमध्ये हे करून घ्या.

श्रवणयंत्र घेतलं तर एक गैरसमज सांभाळा. यंत्र बंद करून कानात ठेवलं म्हणजे प्लग झालं असं अजिबात नाही, आणि शॉपमध्ये चालू ठेवलं तर ते आवाज आणखी मोठा करून आत सोडतं. मफच्या आत यंत्र घालायचं की काढायचं ते ऑडिओलॉजिस्टला मोजलेला आवाज सांगून विचारा. पण त्याआधी ईएनटीकडे पाठवा, सयाजी हॉस्पिटलला किंवा ईएसआयमध्ये, कारण सगळंच आवाजाने होत नाही, मळ असू शकतो, पडद्याला भोक असू शकतं, क्षयरोगाची जुनी इंजेक्शनं असू शकतात. एकाच कानाचं ऐकू येणं एका-दोन दिवसांत अचानक गेलं असेल, मग तो कोणीही असो, त्याच दिवशी डॉक्टर, तिथे उशीर केला तर परत येण्याची संधी जाते.

कायद्याचं थोडक्यात. आवाजाने आलेला बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवायच्या रोगांच्या यादीत होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही आहे, म्हणजे निदान झालं तर दडपायचं नाही, कळवायचं. १९२३ च्या भरपाई कायद्यात आणि ईएसआय कायद्यातही तो व्यावसायिक रोग म्हणून धरला होता, आता त्यांच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही धरलाय, त्यामुळे त्यांची सगळी जुनी ऑडिओमेट्री जपून ठेवा आणि एक कॉपी त्यांच्या हातात द्या, ती त्यांची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबल नुकसान म्हणजे श्रवणदोष आणि ७० किंवा जास्त म्हणजे बहिरेपणा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही हे स्पष्ट कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे, पण समान संधीचं धोरण खाजगी कंपनीलाही लिहून ठेवावं लागतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर त्यात सोयी काय देणार आणि दिव्यांगांचं बघणारा लायझन ऑफिसर कोण हेही. तुमच्याकडे ते धोरण नसेल तर ते तुमचंच काम आहे ताई. ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट बसलं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून द्या, जुन्या टॅक्स पद्धतीत दिव्यांगांसाठीची ७५,००० ची वजावटही मिळते.

ग्राफ आला की नाव झाकून इथे टाका, आणि कुठल्या प्रेसवर किती डेसिबल आला तेही, मग नोझल कुठे आणि कुठला घ्यायचा ते सांगतो.