पाठीमागून ऊन, चेहरा काळा

प्रश्न : जुना पेंटॅक्स के१००० (रोलचा कॅमेरा), ५० मिमी लेन्स, ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे रोलची प्रकाशसंवेदनशीलता) रंगीत निगेटिव्ह रोल. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापक मीटरची सुई मध्यावर आणूनही खिडकीसमोरचे चेहरे काळे येतात. काही फोटो धूसरही आहेत. का?

उत्तर : सुई चेहरा ओळखत नाही. ती चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढते. खिडकी झगझगीत असली की सरासरी वाढते आणि फोटोत चेहऱ्याला प्रकाश कमी पडतो. जवळ जाऊन चौकट चेहऱ्यानेच भरा, सुई मध्यावर आणा, मग मागे येऊन शटर आणि छिद्राचे आकडे न बदलता टिपा. शंका असेल तर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्तच द्या : निगेटिव्ह जादा प्रकाश सोसते, कमी नाही. पडताळ्याला, स्वच्छ उन्हात शटर १/५०० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/१६ (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). मोकळ्या सावलीत १/५०० आणि एफ/५.६.

धूसरपणाचं कारण बहुधा लेन्सचं जास्त उघडं छिद्र. दीड मीटरवर एफ/२ ला पुढून मागे जेमतेम १० सेंमीचा भाग स्पष्ट येतो, एफ/८ ला सुमारे ४०. फोकस डोळ्यावर करा. कॅमेऱ्यातून पाहताना मधल्या गोलातली थरथर थांबली की झालं. फोकस करून पुन्हा पुढेमागे डुलू नका! सगळंच चित्र एका दिशेला ओढलेलं दिसलं, तर दोष हाताचा : १/६० पेक्षा मंद शटरला तिपाई (ट्रायपॉड) हवी.