माती ओली आहे तोवर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. स्किझोफ्रेनियात, जवळ कुणी बोलत नसतानाही आवाज ऐकू येणाऱ्या माणसांच्या मेंदूत, ऐकण्याच्या भागात काय घडतं ते एमआरआयवर पाहायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. अडले ती शेवटच्या पानावर. 'अभ्यास पूर्ण होत आल्यावर शुभार्थींचा अभिप्राय घेण्यात येईल.' तेव्हा का गं? आत्ता विचार. माती ओली आहे तोवरच मडक्याला आकार देता येतो.

'शुभार्थी' हा शब्द तू वापरलास, बरं वाटलं. मानसिक आजार सोसणारा तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर, हे आपल्याकडच्या स्वमदत गटांनी रुजवलं. पण शब्द घेतलास तर माणसंही घे.

माझी एक चूक सांगते. तुझ्याएवढी होते तेव्हाची. स्कॅनच्या खोलीबाहेर एका बाईंना मी म्हटलं, "धातूचं सगळं काढून ठेवा." त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला. त्यांना ऐकू येणारा आवाज रोज नवऱ्याच्या जिवाची भीती घालायचा. मंगळसूत्र उतरवायचं म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं, हे मी विचारलंच नाही. त्या रडत घरी गेल्या आणि मी नोंदवहीत लिहिलं, 'सहकार्य केले नाही'. त्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते.

पुढे आमच्या स्वमदत गटातल्या एका शुभार्थीला हे सांगितलं. ती स्वतः दोनदा त्या यंत्रात जाऊन आलेली. ती म्हणाली, "मॅडम, आदल्या दिवशी घरी फोन करायचा. नुसत्या काळ्या मण्यांचा दोरा तुमच्याकडे ठेवायचा, हे काढलं की ते घालायचं. आणि यंत्राची ठकठक आधी मोबाइलवर ऐकवायची. आम्हाला आधीच नको ते ऐकू येतं, त्यात ते अचानक डोक्याभोवती सुरू झालं तर?" त्यानंतर आमच्याकडे कुणी दारातून परत गेल्याचं मला आठवत नाही.

हे केवळ माणुसकीचं आहे असं समजू नकोस, शास्त्राचंही आहे. काही औषधांनी आतून तगमग होते, पाय एका जागी ठरत नाहीत. डोकं जरासं हललं की चित्र बिघडतं आणि आपण तो स्कॅन गाळतो. म्हणजे औषधाचा ज्यांना जास्त त्रास, तेच अभ्यासातून बाहेर! उरलेल्यांवरून आपण 'स्किझोफ्रेनियात मेंदू असा असतो' असं लिहून मोकळे होतो. कुणाला गाळलं आणि का, याचा तक्ता तुझ्या निबंधात मला हवाच.

तू पॅन्स वापरणार आहेस. स्किझोफ्रेनियाची लक्षणं किती तीव्र आहेत ते मोजणारी, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ती मोजपट्टी, ३० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ७ गुण. जरूर वापर. पण त्यात झोपेचा मुद्दा नाही, वाढलेल्या वजनाचा नाही. गटात मात्र अर्ध्या तासात हेच निघतं: सकाळी डोळे उघडत नाहीत, नोकरी टिकत नाही, मागच्या वर्षीचे कपडे होत नाहीत.

आणि आवाज? टॅन्या लुऱ्हमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांना त्यांच्या आवाजांबद्दल सविस्तर विचारलं. २०१५ मध्ये ते छापून आलं. कॅलिफोर्नियात मारामारीचे, हिंसेचे आवाज बरेच. चेन्नईत अनेकांना घरच्या नातेवाइकांचे आवाज: कामं सांगणारे, रागावणारे, सल्ला देणारे. पॅन्सवर या दोघांनाही ५ पडू शकतात. मग ऐकण्याच्या भागात दोघांचं सारखंच चालत असेल का? हा प्रश्न तुझ्या विषयाच्या अगदी पोटातला आहे आणि तुझ्या आराखड्यात तो नाही.

असे प्रश्न कुठून येतात, ते बघ. नेदरलँड्समध्ये मारियुस रोम या मनोविकारतज्ज्ञांना पॅट्सी हेग या त्यांच्या रुग्णानेच अडवलं. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या देवावर तुम्ही विश्वास ठेवता, मग मला प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या आवाजांवर का नाही, असा तिचा सवाल होता. १९८७ मध्ये दोघांनी टीव्हीवरून आवाहन केलं. आवाज ऐकणाऱ्या शेकडो लोकांनी संपर्क साधला, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं आवाजांसकट बरं चाललं होतं. दवाखान्याच्या खुर्चीत बसून रोमना ही माणसं भेटलीच नसती.

सगळं शुभार्थीच ठरवतील असं मी म्हणत नाही. नमुना किती मोठा घ्यायचा, हे तुझं काम. पण सल्लागार म्हणून किमान दोघांना घे. दहा डॉक्टरांत एकटा माणूस मान डोलावून घरी जातो. त्यांचं मानधन आणि गाडीभाडं अंदाजपत्रकात आत्ताच लिही. बैठक सकाळी नऊला ठेवू नकोस, रात्रीच्या गोळीची गुंगी तोवर उतरलेली नसते. संमती कधीही मागे घेता येते, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहेच. पण ज्या डॉक्टरांकडून औषध घ्यायचं त्यांच्यासमोर 'नको' म्हणायला किती जणांची जीभ रेटते? संमतीचं बोलणं दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या खोलीत करू दे. आणि निष्कर्ष आले की आधी त्यांना मराठीत सांग, मग परिषदेला जा.

नीतिमत्ता समितीकडे अर्ज पाठवायची घाई करू नकोस, एक महिना थांब. आमचा गट शनिवारी दुपारी तीनला भरतो. ये. पहिले दोन शनिवार वही-पेन आणू नकोस, नुसती बस. चहा करायची पाळी असते, ती तुझ्याही वाट्याला येईल. त्या दोरा सुचवणाऱ्या शुभार्थीला मी तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय.

तुझी,
मॅडम