छेद घेण्यापूर्वी

बेळगाव

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

घटप्रभेच्या काठी, गोकाकच्या बाजूला, चुनखडीच्या खड्यांत घट्ट रुतलेला हाडाचा तुकडा तुला सापडला आणि त्याचा पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा असे तू लिहिलेस, हे वाचून मला फार आनंद झाला. त्या खोऱ्याला जीवाश्मांचा जुना इतिहास आहे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी गोकाक परिसरातील एका लुप्त गेंड्याचे वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या जातीला दख्खनच्या नावावरून नाव दिले. तुझा तुकडा कोणत्या प्राण्याचा आहे हे मी पत्रातून सांगणार नाही. माझी विनंती एवढीच आहे की, या वर्षी त्याला करवत लावू नकोस.

छेद घेतला की नमुन्याचा तेवढा भाग कायमचा जातो. म्हणून आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे, मापे आणि शक्य असल्यास साचा करून ठेवायचा. पण त्याहूनही आधी हात बसवायचा, आणि तो ताज्या हाडावरच बसतो. बाजारातून बकऱ्याची नळी आण, उकळून मांस काढ, साबणाच्या पाण्यात बरेच दिवस ठेवून चरबी घालव आणि सावलीत वाळव. मग मधल्या भागातून आडवा काप घे, एक बाजू कार्बोरंडमच्या (घासण्याच्या कठीण) पुडीने काचेवर घासून सपाट कर, ती बाजू इपॉक्सी गोंदाने काचपट्टीला चिकटव आणि दुसऱ्या बाजूने घासत जा. छेद ५० ते ८० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आला की प्रकाश आरपार जाऊ लागतो. शेवटच्या टप्प्यात दर मिनिटाला थांबून पाहिले नाही तर छेदच नाहीसा होतो.

कोवळ्या बकऱ्याच्या हाडात तुला रक्तवाहिन्यांच्या नलिका विटांच्या थरांसारख्या रचलेल्या दिसतील; हाड भराभर वाढत असल्याची ती खूण आहे. म्हाताऱ्या जनावराचे हाड मिळाले तर तेच थर पोखरून त्यांच्या जागी गोल गोल हॅवर्सियन रचना, म्हणजे रक्तवाहिनीच्या नलिकेभोवतीची एकात एक कडी, आलेल्या दिसतील, कारण हाड जन्मभर स्वतःला मोडून पुन्हा बांधत असते. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावाचून जीवाश्मातले काही वाचता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हाडाची वाढ काही काळ थांबली की छेदात उमटणाऱ्या रेषांविषयी तू विचारले आहेस. त्या बहुधा वर्षाला एक पडतात, म्हणून मोजण्याचा मोह होतो. मी विद्यार्थीदशेत एका सस्तन प्राण्याच्या नळीत तीन रेषा मोजल्या आणि त्याचे वय तीन वर्षे लिहून टाकले. मज्जेची पोकळी वाढताना आतल्या बाजूच्या रेषा खाऊन टाकते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. तो प्राणी किती वर्षांचा होता, ते त्या छेदातून मला शेवटपर्यंत काढता आले नाही. तेव्हा त्याच जातीच्या लहान पिलांची हाडे मिळाल्याशिवाय आतल्या रेषांचा अंदाज करू नये. आणि बरगडीपेक्षा मांडीच्या हाडाचा मध्यभाग बरा. रेषा दिसल्या म्हणजे प्राणी थंड रक्ताचा, हा समजही सोडून दे. रवंथ करणाऱ्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांतही ऋतुमानानुसार अशा रेषा पडतात, हे २०१२ मध्ये अनेक जातींची हाडे तपासून दाखवण्यात आले.

दाताची गोष्ट वेगळी. आपल्याकडे बैल विकत घेताना त्याचे तोंड उघडून तो आदत (कायमचे दात न आलेला) आहे, दोनदाती आहे की जुळलेला (सगळे दात आलेला), हे पाहतात. दात किती आले त्यावरून वय ठरवण्याची ती पद्धत विश्वासार्ह आहे. पण सूक्ष्मदर्शक त्याच दाताच्या आत शिरतो. एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, एकदा तयार झाले की हाडासारखे ते पुन्हा बांधले जात नाही, त्यामुळे त्याच्या वाढीच्या बारीक दैनंदिन रेषा लाखो वर्षांनंतरही राहू शकतात. त्याखालच्या डेंटिनमध्येही (दाताच्या मुख्य भागातही) अशा रेषा असतात. तुझ्या तुकड्याला दात असता तर मी थोडा अधिक अधीर झालो असतो, हे मान्य करतो.

एक गोष्ट घाईघाईने सांगतो, कारण तिची चूक नेहमी होते. बेळगाव शहराभोवतालचा काळा दगड हा लाव्ह्याचा आहे. त्यात हाडे शोधत बसू नकोस, तुझे काम नदीकाठच्या गाळातच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत बकऱ्याच्या हाडाच्या दहा तरी काचपट्ट्या घेऊन ये, बिघडलेल्याही आण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अशा प्लाइस्टोसीन (हिमयुगाच्या काळातील) प्राण्यांच्या हाडांवर पूर्वी काम झालेले आहे, तेव्हा तुझ्या तुकड्यासाठी तिथल्या जाणकारांना पत्र कसे लिहायचे ते आपण बसून ठरवू. तोवर तो कापसात गुंडाळून ठेव. आणि ज्या ठिकाणी सापडला तिथे पुन्हा जाऊन, गाळाचा कोणता थर होता आणि तो पाण्याच्या पातळीपासून किती वर होता, हे पावसाने काठ ढासळण्याआधी वहीत उतरवून घे.

तुझा,
सर